चुलीतला कोळसा, करवंटीचा कोळसा

गुंजवणे, ता. वेल्हे
३ जुलै २०२४

प्रेरणाबाय,

आशीर्वाद घे, पोटभर जेव, आन मोबाईलवर मला हाका मारायचं बंद कर. परवा तुझ्या बापानं फोन माझ्या कानाला लावला. मला नुसती पिठाच्या गिरनीवानी घरघर. मी आपली व्हय व्हय म्हनत ऱ्हायले. मंग सोनबा म्हनला, "वैनी, पोरगी इचारत व्हती, कान लई दुखतो का, रातचं झोप येत न्हाई का. तुमी समद्याला व्हय म्हनला. आता ती तिकडं रडती." डाव्या कानानं तर कायमची रजा टाकलीया, उजवा अर्ध्या पगारावर हाय. तवा लिहून पाठवत जा. सातवी शिकलेली हाय मी, वाचती.

हितं लावनी निम्मी झाली. तुझी आई गेली तवा तू चौथीत व्हतीस. तवापासून मी दोन्ही घरची भाकर एकाच चुलीवर थापते, आन तुझा बाप एक दिस बी बरी झालीया म्हनला न्हाई. तुझे मोठे बाबा असते तर त्यांनी सख्ख्या भावाला चुलीत घातला असता. मी पडले गरीब.

विंझरच्या पावन्यांचा निरोप हाय. दसऱ्याच्या आधी तुला बगायला येनार. मुलगा पुन्यात कंपनीत हाय. डोक्यावर केस जरा कमी हाईत, पर त्यानं काय, तेल वाचंल.

आता मुद्द्याचं. पान्यावर बाया इचारत्यात, प्रेरणा कुडाळला काय काम करती? मी म्हनते, कोळसा भाजती. समद्या हसत्यात. इतकं सायन्स शिकून कोळसाच भाजायचा व्हता तर माझी चूल काय वाईट व्हती? नीट लिहून धाड, म्हंजे मला फुशारकी मारता येईल.

तुझी मोठी आई,
बाळाबाई

•

कुडाळ
९ जुलै २०२४

मोठ्या आईला नमस्कार,

केस कमी चालतील, अक्कल कमी नको, असं विंझरला कळव.

मी कोळसा भाजत नाही. भाजलेला तपासते. आता नीट ऐक, म्हणजे वाच.

तुझ्या चुलीतला कोळसा, पेन्सिलीतलं काळं, दिव्याची काजळी आणि हिरा, सगळं एकच द्रव्य आहे. कार्बन. फरक एवढाच की त्याचे कण एकमेकांना कसे धरतात. हिऱ्यात प्रत्येक कणाने चार कण धरलेले असतात, वरून, खालून, सगळीकडून. कुणाला हलताच येत नाही. म्हणून हिरा काच कापतो, दगड कापायच्या पात्याला त्याचेच दात बसवतात. पेन्सिलीतल्या कणाने तिघांनाच धरलेलं असतं, त्याचे पातळ थर होतात, टोपल्यातल्या भाकरींसारखे एकावर एक. ते घसरतात. तू अक्षर काढतेस तेव्हा वरच्या भाकरी सुटून कागदावर राहतात. त्यातून वीजही जाते. बॅटरीच्या सेलमध्ये मधोमध काळी कांडी असते ना, ती त्याचीच. काजळी टायरात आणि शाईत जाते. कोळशाला मात्र शिस्त नाही, तुकडे कसेही पडलेले.

आमच्याकडे नारळाच्या करवंट्या येतात. त्या कोंडून जाळतात आणि मग त्या कोळशावर लालभडक तापवून वाफ सोडतात. त्याने तो आतून पोखरला जातो. डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. एका मोठ्या चमच्यातल्या भोकांच्या भिंती उलगडून अंथरल्या तर एक एकर भरेल. थट्टा नाही करत. त्या भिंतींना घाण चिकटून बसते. म्हणून तो पाण्याच्या फिल्टरमध्ये घालतात, साखरेचा रंग काढायला वापरतात. आणि कुणी विष प्यायलं तर दवाखान्यात हाच काळा भुगा पाण्यात कालवून पाजतात. विष कोळशाला चिकटतं, रक्तात जात नाही.

तर तुझी प्रेरणा माणसं वाचवते. हे सांग पाण्यावर.

बाबांना म्हणावं, भाकरीत मीठ बरोबर असतं.

तुझी,
प्रेरणा

•

गुंजवणे
२१ जुलै २०२४

प्रेरणाबाय,

तुझं पत्र मी पाच येळा वाचलं. हिऱ्याचं तेवढं पान्यावरच्या रत्नाला वाचून दावलं. तिच्या नाकातल्या चमकीचा तिला लई ताठा. तिला म्हनले, रत्ने, तुझी चमकी आन माझ्या चुलीतला कोळसा सख्खे भाऊ, माझी प्रेरणा म्हनती. फरक एवढाच, तुझ्यानं भाकर भाजत न्हाई. दोन दिस बोलली न्हाई माझ्याशी. बरं वाटलं.

आता खरी गंमत ऐक. तुझ्या शिकन्यानं हितं एक मानूस वाचलं.

आपला गेनू, वरच्या आळीचा. शुक्रवारी दुपारी बांदावर तनाचं औशद मारत व्हता. त्यो काय करतो, कोल्ड्रिंकच्या एका बाटलीत पानी आन दुसऱ्या तसल्याच बाटलीत औशद. दोन्ही दगडाआड. तहान लागली, उचलली आन लावली तोंडाला. हिरवंगार, घान वासाचं. एक घोट गेला, दुसरा थुकला. धावत आला. दवाखान्यात चल म्हनलं तर नको म्हनतो. इख पिला म्हनून कागदावर चढवतील, पोलीस येतील, गाव म्हनंल ह्यानं जीव द्यायला घेतलं.

मला तुझं पत्र आठवलं. चुलीतला बाभळीचा कोळसा काडला, तू बारीक भोकं म्हनलीस म्हनून वरवंट्यानं मैद्यावानी वाटला, लुगड्याच्या फडक्यानं चाळला, आन तांब्याभर पान्यात कालवून पाजला. एकर दोन एकर गेलं असंल पोटात. त्यानं काळं काळं वकून टाकलं. मी म्हनले, निघालं.

दुसऱ्या दिशी उठून खाचरात गेला. जीभ तेवढी सोललीया, गिळतानी तोंड वाकडं करतो. बाकी घोड्यावानी हाय. डाक्टरीन झाले मी फुकटात. तुझ्या साहेबाला सांग, हितं बी एक शाखा काडा.

तुझा बाप बरा हाय. पावसात भिजून घसा बसलाय, पेज पितो. त्यामुळं भाकरीवर बोलत न्हाई.

तुझी मोठी आई

•

कुडाळ
२६ जुलै २०२४
स्पीड पोस्टनं

मोठी आई,

हे पत्र हातात पडेल तेव्हा आधी गेनूमामाला पुण्याला न्या. मग पुढचं वाच.

ते वाचलेले नाहीत. हिरवं, घाण वासाचं, जीभ सोलली, म्हणजे ते कुठलं औषध ते मला कळलं. त्याच्यावर उतारा नाही. माणूस पहिले चार-सहा दिवस बरा दिसतो, कामाला जातो. तेवढ्यात ते मूत्रपिंडात जातं, मग छातीत. फुफ्फुसं आतून चामड्यासारखी घट्ट होत जातात. चढ चढताना दम लागतो, मग बसल्या जागी लागतो.

आणि चुलीतला कोळसा तो कोळसा नव्हे, मोठी आई. त्याची भोकं राळेनं, राखेनं बुजलेली असतात, वाफ दिल्याशिवाय उघडत नाहीत. तू कितीही बारीक वाटलास तरी भोकं पडत नाहीत. आमचा भुगासुद्धा पहिल्या तासात द्यावा लागतो, आणि तोही दवाखान्यात. हे मी आधी लिहायला पाहिजे होतं.

बाबांना आत्ताच फोन केला. घसा अजून बसलेलाच आहे त्यांचा, काढा दे. त्यांना सगळं सांगितलं, गेनूमामाला आजच्या आज हलवा म्हटलं. ते हो हो म्हणाले. मग विचारत बसले, किती दिवस काढतो माणूस? म्हटलं, दहा, पंधरा, एखादा वीस. मग म्हणाले, दुखतं का? म्हटलं, दुखण्यापेक्षा श्वास पुरत नाही. परत म्हणाले, म्हणजे आठ दिवस झाले असले तर निम्मं झालं. म्हटलं, बाबा, तुम्हाला गेनूमामाचा एवढा कळवळा कधीपासून? तर हसले आणि खोकले.

ते निम्मं विसरतात, म्हणून हे लिहून पाठवते. उशीर करू नका.

प्रेरणा

•

गुंजवणे
१७ ऑगस्ट २०२४

प्रेरणा,

गेनू नव्हता. ते तुला ठावं हाय. पर खोटं मी माझ्या हातानं लिहिलं, तर खरं बी माझ्या हातानं लिहायला पायजे.

औशदाचा कॅन गेनूनं आन तुझ्या बापानं मिळून आनला व्हता. सोनबानं आपला निम्मा वाटा कोल्ड्रिंकच्या बाटलीत वतून घेतला. फुडचं जे मी गेनूचं म्हनून लिहिलं ते समदं त्याचं. मी म्हनले, पप्पूचा टेम्पो दारात हाय, चल. सोनबानं माझा हात धरला. म्हनला, "वैनी, दवाखान्यात लिहून घेतील इख पिला म्हनून. विंझरचे पावने यायचेत. ज्या घरात बापानं इख घेतलं तिथली पोरगी कोन करंल? चुकून गेलं म्हनून कोन ऐकतंय?" मंग मी कोळसा वाटला. त्यो तोंड वासून बसला, मी पाजत ऱ्हायले. मला वाटलं मला येतंय.

तुला कळवू नको म्हनला. मला पोटात ऱ्हाईना, म्हनून गेनूचं नाव घातलं. वर थट्टा केली. ते पत्र आठवलं की मला माझी बोटं चुलीत घालाविशी वाटत्यात.

तुझा फोन आला त्या संध्याकाळी त्यो माझ्या वट्यावर आला. म्हनला, "पोरगी म्हनती, गेनूला पुन्याला न्या." आन हसला. मला बी हसू आलं. दिसांचं काय बोलला न्हाई. सोमवारी तुझं पत्र आलं, ते मी वाचलं, आन बाहीर बगते तर त्यो खाचराच्या बांदावर बसल्याला, उठता येईना. तवा टेम्पो बोलवला. दहा दिसांनी.

फुडचं तू बगितलंस. मी डाक्टरशी भांडले, त्याला हवेची नळी लावा म्हनून. डाक्टर म्हनला, ह्या औशदात हवा दिली की छाती अजून जळती, अगदीच लागंल तवा लावू. मला वाटलं गरीबाला देत न्हाईत. तू मला दंडाला धरून भाईर नेलंस. तेवढंच. त्याच्या फुडं तू मला हात लावला न्हाईस.

तेरा दिस तू माझ्या हातचं जेवलीस आन माझ्याकडं बगितलं न्हाईस. गेनू सरपन घिऊन आला तवा त्याच्याकडं मातर बगत ऱ्हायलीस, त्यो बिचारा चांगला चालतो बोलतो म्हनून. काल निगतानी लांबनंच पाया पडलीस, मान वर केली न्हाईस. तुझा राग खरा हाय. मी काय म्हननार?

एकच इचारते. समजूत काडू नको, खरं सांग. त्या तासात टेम्पोत घातला असता तर वाचला असता का?

बाळाबाई

•

गुंजवणे
१३ सप्टेंबर २०२४

प्रेरणा,

पत्र न्हाई. गौरीला येशील असं वाटलं व्हतं. पोस्टमन दिसला की मी दारात जाती, त्यो लांबूनच हात हालवतो. आता त्यो आपल्या आळीनं येतच न्हाई, वरनं जातो. त्याला बी माझं तोंड नको झालंय.

रागानं का व्हईना, चार वळी लिही. शिव्या घाल. मला वाचता येत्यात.

मोठी आई

•

कुडाळ
२० सप्टेंबर २०२४

मोठी आई,

राग नव्हता. तुझ्याकडे बघायची लाज वाटत होती.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीतल्या दिवळीत काडेपेटी शोधताना माझंच पत्र सापडलं. जुलैचं. "विष कोळशाला चिकटतं, रक्तात जात नाही." त्या ओळीवर काळं बोट उमटलेलं होतं. तू वाटता वाटता उठून परत वाचलंस, ना? करवंटीचा, वाफ दिलेला, तासाच्या आत, दवाखान्यात, यातलं एकही मी त्या ओळीत नीट लिहिलं नाही. मला फुशारकी मारायची होती. तू जे वाचलंस तेच केलंस. मला वाटत होतं, मी मान वर केली तर तू मला हे बोलून दाखवशील.

निघताना मी तुझ्या चुलीतला कोळसा रुमालात बांधून आणला. कामावर सगळे जेवायला गेल्यावर तपासला. आमच्याकडे एक साधी परीक्षा असते. निळ्या रंगाचं पाणी करायचं, त्यात भुगा टाकून हलवायचं आणि गाळायचं. आमचा कोळसा टाकला की गाळलेलं पाणी प्यायच्या पाण्यासारखं नितळ येतं. तुझा टाकला. निळं आलं. दुप्पट टाकला, बारीक केला, अर्धा तास हलवला. निळंच. काय व्हायचं ते मला माहीत होतं, तरी तीनदा केलं.

तू खरं विचारलंस. इथल्या एका डॉक्टरांना विचारलं मी, कुणाचं ते न सांगता. ते म्हणाले, घोट किती मोठा त्याच्यावर आहे. लगेच आणलं असतं, पोट धुतलं असतं, खरा भुगा दिला असता, तर कदाचित. कदाचित नाही. याच्या पलीकडे त्यांना सांगता आलं नाही, मलाही येणार नाही.

आणि तो फोन. मी त्यांना दहा, पंधरा, वीस असे आकडे सांगितले, एसटीची वेळ सांगावी तसे. माझ्या बापाला.

मी इतक्यात येणार नाही. गावात सगळे म्हणतात सोनबानं औषध घेतलं. बाराव्याला मी कानांनी ऐकलं. मला ते ऐकवत नाही, आणि मी काय उत्तर देऊ तेही समजत नाही.

प्रेरणा

•

गुंजवणे
२७ सप्टेंबर २०२४

प्रेरणाबाय,

काळं बोट माझंच. व्हय, उठून परत वाचलं. पर त्या पत्रात तू दवाखान्यात म्हनलीस, माझ्या घरात न्हाई. ते मी वाचलं आन सोडून दिलं. मला सोपं वाटलं ते घेतलं. ज्याचं त्याच्याकडं ऱ्हाऊ दे. तुझ्याकडं काय असंल ते तू ठिव, माझं मी ठिवते, पर समदं एकटीनं उचलून नेशील तर मी देनार न्हाई.

फोनचं सांगते. हे सांगनार न्हाई म्हनून मी तुझ्या बापाच्या हातावर हात ठिवला व्हता, त्यो शब्द आज मोडते. टेम्पोत त्यो माझ्या शेजारी बसल्याला. विंझर मागं पडलं तवा म्हनला, "वैनी, किती दिस ते मला ठावं हाय. पोरीनं सांगितलंय." मी म्हनले, आन तू गप ऱ्हायलास? म्हनला, "तिला कुटं ठावं व्हतं ती कुनाला सांगती. पर काय सरळ सांगितलं, वैनी. आधी काय व्हईल, मंग काय. साळंतल्या गुरुजीनं मला कवा असं सांगितलं न्हाई. मला समदं समजलं." दम लागत व्हता, तरी हे सांगायला थांबत न्हवता. लई वाईट बातमी व्हती, पर त्याला तुझा गर्व वाटला. म्हनून त्यो हसला व्हता. खोकला मागनं आला.

आता गावाचं. तू लिहिलंस ते खरं, समदे तेच म्हनत व्हते. ज्याला भिऊन त्यो टेम्पोत बसला न्हाई, तेच त्याच्या मागं लागलं. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पान्यावर गेले. पंधरा-सोळा बाया व्हत्या. हंडा खाली ठिवला आन म्हनले, सोनबानं इख घेतलं न्हाई. बाटली चुकली. त्याला वाचवता आलं असतं का ते डाक्टरला बी सांगता येत न्हाई, पर मी त्याला टेम्पोत घातला न्हाई, चुलीतला कोळसा वाटून पाजला, आन तुमच्याशी हसत खेळत बोलत ऱ्हायले. ज्यानं कुनी म्हनलं सोनबानं जीव दिला, त्यानं आता माझं नाव घ्यावं.

समद्यांनी आपापले हंडे उचलले. रत्नानं बी. माझा हंडा मीच भरला. त्या दिसापासून माझ्या वट्यावर कुनी बसाय येत न्हाई, आन पोरांना माझ्या हातचं काय खाऊ देत न्हाईत. पर परवा गेनू सांगत व्हता, आता देवळापाशी बोलतात ते म्हातारीचंच बोलतात, सोनबाचं न्हाई. विंझरलाबी मीच जाऊन सांगून आले. बगू म्हनले. म्हंजे न्हाई म्हनायचं.

तुझ्या त्या कोळशाच्या पत्राचं मी कुनाला बोलले न्हाई. ते मी चुलीत घातलं. इचारलं तर म्हनते, कोळशाचं मला आधीपासनं ठावं व्हतं, आमच्या म्हायेरी जनावराला देत्यात.

तवा तू ये. कुनी तुला तोंडावर म्हननार न्हाई तुझ्या बापानं औशद घेतलं. म्हनलं तर म्हनतील, हिच्या मोठ्या आईनं त्याला कोळसा पाजला. ते खरं हाय. त्याला तू व्हय म्हन.

बाळाबाई